रविवारी सकाळी, दारं बंद करून

पाहुणे आले की आमच्याकडची मंडळी त्यांना ठरलेल्या वाटेनं फिरवतात. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिलहून निघायचं, डरहॅमला ड्यूक विद्यापीठाचं दगडी चॅपल दाखवायचं, बागेत फोटो काढायचे आणि शेवटी कॅमेरून इनडोअर स्टेडियमच्या दाराशी उभं राहून इथलं बास्केटबॉलचं वेड वर्णन करून सांगायचं. मागच्या हिवाळ्यात एका स्नेह्यांबरोबर त्यांच्या पाहुण्यांना घेऊन मीही असाच गेलो होतो. परतताना गाडी डरहॅम फ्रीवेला लागली तेव्हा मी म्हटलं, "शनिवारी सेंट्रलमध्ये मॅच आहे, येता का? इथून दहा-बारा मिनिटांवर तर आहे." आरशात मागची लेन बघत ते म्हणाले, "अहो, तिकडं काय आहे?" त्यांच्या बोलण्यात कुत्सितपणा नव्हता. ते माझ्या आधीपासून या भागात राहतात, मार्च महिन्यात कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेत कोण जिंकणार याच्या अंदाजांचा तक्ता ऑफिसातल्या सगळ्यांच्या आधी भरतात, ड्यूकच्या जुन्या खेळाडूंची नावं त्यांना तोंडपाठ आहेत. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. मला नेमकं तेच लागलं. एवढी खेळाची आवड असलेल्या माणसाला शेजारच्या गल्लीतलं घर माहीत नसावं, आणि त्यात त्याला काही वावगंही वाटू नये.

तो शनिवार मी एकट्यानंच गाठला. फ्रीवेवरून उतरून फेएटव्हिल स्ट्रीटला वळलं की डावी-उजवीकडे एका जुन्या वस्तीच्या खुणा दिसतात. हेटाय तिचं नाव. कृष्णवर्णीयांची दुकानं, चर्चेस, थिएटरं, सगळं इथं एकवटलेलं होतं. साठच्या दशकात शहराच्या 'नूतनीकरणा'त तिच्यातूनच हा फ्रीवे काढला. ज्या रस्त्यानं आपण ड्यूककडे झपकन पोचतो, तो हिच्या छातीवरून गेलेला आहे. पुढं टेकाडावर नॉर्थ कॅरोलायना सेंट्रल युनिव्हर्सिटी. चाळीसच्या दशकात तिच्या नावात 'कॉलेज फॉर नीग्रोज' होतं. आवार लहान, पैसा जेमतेम. आज तिथल्या बंदिस्त मैदानाला मॅकडुगल्ड–मॅक्लेंडन अरीना म्हणतात. यातले जॉन मॅक्लेंडन हे या कॉलेजचे बास्केटबॉल प्रशिक्षक. गोऱ्या-काळ्यांनी एकत्र खेळणं वर्ज्य असताना, १९४४ सालच्या एका रविवारी त्यांनी ड्यूकच्या गोऱ्या मुलांशी दारं बंद करून एक गुप्त सामना खेळवला. ही गोष्ट त्यांची. आत शिरल्यावर आधी आवाज अंगावर येतो. छत फार उंच नाही, त्यामुळं बँडचे ड्रम थेट बरगड्यांत वाजतात. पॉपकॉर्नचा खारट-तुपकट वास, लाकडी फरशीवर बुटांची करकर, आणि माझ्या पुढच्या रांगेत तपकिरी-लाल शाल पांघरलेल्या तीन आजी, ज्या रेफरीला त्याच्या प्रत्येक निर्णयाबद्दल नावानिशी जाब विचारत होत्या. मला त्या गर्दीत परकं वाटलं नाही. का वाटलं नाही, याचं उत्तर मुंबईत आहे.

माझं बालपण भायखळ्याच्या बाजूला गेलं. नागपाड्याला मस्तान तलाव मैदानावर संध्याकाळी दिवे लागले की बास्केटबॉल सुरू व्हायचा. कठड्याला रेलून बघणारे, वडापाव खाणारे, नमाज आटोपून थेट मैदानावर येणारे, सगळे एकाच वेळी पंच असायचे. अब्बास मुंतसिर यांच्यासारखा भारताचा कर्णधार, अर्जुन पुरस्कार मिळवलेला खेळाडू, त्याच गल्ल्यांतून वर आला. त्या पोरांची उंची बेताची, पण चेंडू हातात आला की ती थांबत नसत. सुटत. हा खेळ आमच्याकडे आला तो वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या हातांनी. मद्रासला १९२० साली वायएमसीएचे हॅरी बक यांनी शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं, आणि नागपाड्यात अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी नेबरहूड हाउस उभारलं. हेच मॅनशार्ट पुढं टाटा समाजविज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले. मूळ खेळ जेम्स नेस्मिथ यांनी १८९१च्या डिसेंबरात स्प्रिंगफिल्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेतच शोधून काढला होता. ही संस्थांची साखळी मी इथं एवढ्यासाठी सांगतो आहे, की डरहॅमच्या त्या रविवारीसुद्धा तिचा एक दुवा होता. त्याकडे येतोच.

जॉन मॅक्लेंडन १९१५ साली कॅन्ससमधल्या हयावाथा गावात जन्मला आणि कॅन्सस सिटीत समनर हायस्कूलमध्ये शिकला. शाळेच्या संघात त्याला जागा मिळाली नाही, तो संघाचं सामान सांभाळायचा. शिकायचं तर बास्केटबॉल, आणि ज्यानं तो खेळ काढला तो माणूस लॉरेन्सला कॅन्सस विद्यापीठात शिकवतो आहे, हे त्याच्या वडिलांना ठाऊक होतं. १९३३ साली हा मुलगा सरळ नेस्मिथ यांच्या खोलीत जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, तुम्ही माझे सल्लागार आहात. कुणी सांगितलं, असं म्हाताऱ्यानं विचारलं. माझ्या वडिलांनी. मग बाप नेहमी बरोबरच असतात, असं म्हणून नेस्मिथ यांनी त्याला ठेवून घेतलं. पण विद्यापीठाच्या संघात कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता, आणि तो पन्नासच्या दशकापर्यंत नव्हताच. म्हणजे खेळाच्या जनकाचा हा विद्यार्थी वर्गात बसून खेळाची हाडं न् हाडं शिकणार, आणि संध्याकाळी सामना सुरू झाला की प्रेक्षकांत बसणार. मला हे वाचताना राग येतो आणि त्याच वेळी एक विचारही येतो. खेळायला न मिळालेला माणूस खेळ जितका बारकाईनं बघतो, तितका खेळणारा क्वचित बघत असेल. मात्र या विचारानं त्या अन्यायाचं ओझं हलकं होत नाही, आणि ते होऊही नये.

लॉरेन्सला पोहण्याचा एक प्रसंग घडला. शारीरिक शिक्षणाच्या पदवीसाठी पोहण्याची परीक्षा होती आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना पाण्यात न उतरताच ती पास करून देण्याची सोय होती. वरवर पाहता सवलतच. मॅक्लेंडननं ती नाकारली आणि तो तलावात उतरला. तो बाहेर आल्यावर तलावातलं पाणी सोडून देण्यात आलं. मराठी माणसाला हे वाक्य वाचून पुढं काही सांगावं लागत नाही. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी आणि हजारो माणसांनी ओंजळीत घेतलं, आणि मागाहून तळं 'शुद्ध' करण्यासाठी त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही ओतलं गेलं. हजारो मैल दूर, काही वर्षांच्या अंतरानं, माणसाच्या स्पर्शानं पाणी बाटतं अशी तीच समजूत. कॅन्ससमध्ये मॅक्लेंडननं आरडाओरडा केला नाही. तो पुन्हा पोहायला गेला, पुन्हा गेला, अधिकाऱ्यांशी बोलत राहिला, आणि शेवटी तलाव सगळ्यांना खुला झाला. त्याची ही पद्धत मला पुढं आयुष्यभर दिसत राहते. आधी नियम नीट वाचायचा, मग त्यातली फट शोधायची, आणि तिथं पाय रोवून उभं राहायचं.

१९३७ साली ते डरहॅमच्या त्या छोट्या कॉलेजात, म्हणजे आजच्या सेंट्रलमध्ये, आले आणि तीनेक वर्षांत तिथले मुख्य प्रशिक्षक झाले. वय पंचविशीच्या आसपास. छोट्या कॉलेजात मुख्य प्रशिक्षक म्हणजे काय, हे बाहेरून कळत नाही. वर्गात शिकवायचं, संघ निवडायचा, प्रवासाची व्यवस्था करायची, आणि त्या काळात दक्षिणेत एवढं सगळं करून शिवाय हे बघायचं की वाटेत मुलांना जेवायला कुठं मिळेल, रात्री झोपायला कुठल्या ओळखीच्या घरी जागा होईल, पेट्रोल भरायला थांबलं तर कुठल्या पंपावर शौचालय वापरू देतील. हॉटेलं त्यांना बंद होती. हे नियोजन कुठल्याही आकडेवारीत येत नाही. जिंकलेले सामने मोजले जातात. उपाशी न झोपलेली मुलं कोण मोजणार?

मैदानावर मात्र या माणसाला थांबणं मंजूर नव्हतं. त्या काळातला बास्केटबॉल बराचसा उभा राहून खेळायचा खेळ होता. चेंडू पुढं आणायचा, सावकाश फिरवायचा, दोन्ही पाय टेकवून, दोन्ही हातांनी नेम धरायचा. मॅक्लेंडन यांची पोरं पळायची. रिबाउंड, म्हणजे नेम चुकून उसळलेला चेंडू, हातात आला की पाय जमिनीला लागायच्या आत तो बाजूच्या रेषेपाशी उभ्या सहकाऱ्याकडे सुटायचा, तिथून मधोमध धावणाऱ्याकडे, आणि तोवर दोन्ही कडांनी दोघं पुढं निघालेले असायचे. तीन माणसं तीन पट्ट्यांत. बचाव करणारा एकाकडे वळला की चेंडू दुसऱ्याकडे. हे दिसतं बेभान, पण प्रत्येक पाऊल घोटलेलं असतं. सीझनआधी ते मुलांना मैलोन्मैल पळायला लावायचे, कारण त्यांचं गणित साधं होतं: समोरच्याला धाप लागेल तेव्हा आपल्याला लागता कामा नये. चेंडू जिथं असेल तिथूनच खेळ सुरू होतो, पूर्ण मैदानभर, ही दृष्टी त्यांनी नेस्मिथ यांच्याकडून घेतली असं ते सांगत. आणि गंमत अशी, की चेंडू चार कोपऱ्यांत फिरवत ठेवून वेळ काढायची जी चाल पुढं शेजारच्या चॅपेल हिलला डीन स्मिथ यांच्यामुळं गाजली, तिचंही श्रेय जाणकार मॅक्लेंडन यांना देतात. सुटायचं कधी आणि धरून ठेवायचं कधी, दोन्ही त्यांना कळत होतं.

१९४३-४४च्या सीझनमध्ये त्यांच्या ईगल्स संघानं एकच सामना गमावला. पण देशपातळीवरच्या मोठ्या स्पर्धा कृष्णवर्णीय कॉलेजांना बोलावत नसत, त्यामुळं आपण नेमके किती चांगले आहोत हे तपासायची सोयच नव्हती. तिकडं ड्यूकला वैद्यकीय शाखेच्या विद्यार्थ्यांचा एक संघ होता. लष्करी प्रशिक्षणासाठी ठिकठिकाणाहून आलेली, आधी आपापल्या कॉलेजात खेळलेली मुलं. राज्यात आपल्या तोडीचं कुणी नाही अशी त्यांची ख्याती. दोन्हीकडच्या वायएमसीएच्या विद्यार्थ्यांच्या गुपचूप बैठका व्हायच्या, प्रार्थना आणि चर्चेसाठी. त्यातल्याच एकीत कुणीतरी म्हणालं की सगळ्यात भारी संघ कुठला, आणि आव्हान पडलं. मॅक्लेंडन यांनी ते उचललं. दिवस त्यांनी निवडला: १२ मार्च १९४४, रविवार. सकाळची वेळ, जेव्हा अख्खं डरहॅम, पोलिसांसकट, चर्चमध्ये असतं. कॉलेजच्या वरिष्ठांना कळू दिलं नाही. घड्याळ लावणारा होता, रेफरी होता, प्रेक्षक नव्हते. दारं आतून बंद. कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राच्या एका बातमीदाराला कळलं होतं, त्यानं लिहिणार नाही असा शब्द दिला आणि पाळला.

ड्यूकची मुलं उसन्या गाड्यांतून, वळणावळणाच्या रस्त्यांनी आली आणि कोट डोक्यावर ओढून आत शिरली. मी या दृश्याशी बराच वेळ थांबतो. गोऱ्या तरुणांनी, दिवसाढवळ्या, आपल्याच शहरात, तोंड लपवून चालत जायचं. नियम ज्यांच्या सोयीसाठी केलेले, त्यांनाही ते असं चोरासारखं चालायला लावतात. सामना सुरू झाला तेव्हा दोन्ही संघ बावरलेले होते. सोपे नेम चुकत होते, चेंडू हातातून निसटत होते. एकमेकांच्या अंगाला अंग लागणं हेच नवं होतं. ईगल्सचा सोळा वर्षांचा ऑब्री स्टॅन्ली पुढं पन्नास वर्षांनी सांगत होता, की पहिल्या डावाच्या मध्यावर त्याच्या अचानक लक्षात आलं, हे काही कुणी अतिमानव नाहीत, आपल्यासारखीच माणसं आहेत, आपण यांना हरवू शकतो. मग ती पोरं पळायला लागली. शेवटचा गुणफलक ८८–४४.

आणि मग ते पुन्हा खेळले.

संघ मोडले, पोरं वाटून घेतली, गोरे आणि काळे दोन्ही बाजूंना मिसळून. एका बाजूनं शर्ट घातले, दुसरी उघड्या अंगानं. या दुसऱ्या सामन्याचा गुणफलक कुणी जपून ठेवलेला नाही, आणि माझ्या दृष्टीनं त्या सकाळचा खरा सामना हाच. पहिल्या सामन्यातून जे सिद्ध व्हायचं ते झालं होतं. दुप्पट गुणांनी जिंकल्यावर दारं उघडून घरी पाठवता आलं असतं, आणि धोका तिथंच संपला असता. प्रत्येक मिनिटागणिक तो वाढत होता. तोवर काही विद्यार्थ्यांना सुगावा लागला होता, ते बाहेरून खिडक्यांना लटकून आत बघत होते. तरी मॅक्लेंडन यांनी खेळू दिलं. विरोधात खेळणं आणि बरोबर खेळणं यांत फार फरक आहे. विरोधात खेळताना तुम्ही समोरच्याची ताकद जोखता. बरोबर खेळताना तुम्हाला न बघता चेंडू मागं टाकावा लागतो, तिथं तो असेल असा भरवसा धरून. डरहॅममध्ये त्या दिवशी बसमध्ये शेजारी बसायला कायद्यानं बंदी असलेल्या मुलांनी एकमेकांवर तो भरवसा धरला. खेळ संपल्यावर ती मुलं वसतिगृहात जाऊन गप्पा मारत बसली. ड्यूकच्या संघात जॅक बर्जेस नावाचा मोंटानाचा मुलगा होता. त्यानं घरी पत्रात या सामन्याबद्दल लिहिलं, आणि आपले बरेचसे साथीदार दक्षिणेतले होते, त्यांची मतं त्या दिवशी पुष्कळ बदलली, असंही कळवलं.

हा धोका पोकळ नव्हता. त्याच वर्षी ८ जुलैला बुकर स्पाइसली नावाच्या कृष्णवर्णीय सैनिकावर, तो गणवेशात असताना, डरहॅममध्ये एका बसचालकानं गोळ्या झाडल्या. मागच्या सीटवर जाण्यावरून वाद झाला होता. स्पाइसली गेला. चालकावर खटला चालला, ज्यूरीत सगळे गोरे, त्यांनी त्याला निर्दोष सोडलं. त्या मार्चच्या रविवारी दार कुणी ढकलून उघडलं असतं तर काय झालं असतं, याचा अंदाज करायला हा जुलै पुरे आहे. अठ्ठावीस वर्षांच्या एका प्रशिक्षकानं कोवळ्या पोरांचे जीव त्या तराजूत टाकले, हे मला अस्वस्थ करतं. त्यांनी ते करायला हवं होतं का? मी एक बाप आहे, आणि बाप म्हणून मला याचं उत्तर चटकन 'हो' असं देता येत नाही. पण स्टॅन्लीला पहिल्या डावाच्या मध्यावर जे उमगलं, ते दुसऱ्या कुठल्या मार्गानं उमगलं असतं, हेही मला सांगता येत नाही.

पुढं बावन्न वर्षं ही गोष्ट छापून आली नाही. १९९६ साली स्कॉट एल्सवर्थ या इतिहासकारानं ती न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकात लिहिली, तेव्हा जगाला कळलं. मॅक्लेंडन तेव्हा ऐंशी पार केलेले होते.

दरम्यानच्या वर्षांत काय काय झालं. १९४६ साली त्यांनी आणि त्यांच्या प्रशिक्षक मित्रांनी कृष्णवर्णीय कॉलेजांची स्वतःची सीआयएए स्पर्धा वॉशिंग्टनला भरवली. मोठ्या स्पर्धांत घेत नाहीत ना, मग आपली मांडू, असा सरळ हिशेब. पहिला अंतिम सामना तीन वेळा जादा वेळेत गेला आणि डरहॅमनं जिंकला. त्यांच्या हाताखालचा हॅरल्ड हंटर १९५० साली एनबीए या व्यावसायिक लीगच्या संघाशी करार करणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडूंपैकी एक. सॅम जोन्सला डरहॅमला त्यांनीच आणलं, आणि त्या जोन्सनं पुढं बॉस्टनसाठी दहा अजिंक्यपदं मिळवली. मधे दोन वर्षं मॅक्लेंडन हॅम्प्टनला होते. मग नॅशव्हिलचं टेनेसी ए अँड आय, तेही कृष्णवर्णीयांचंच कॉलेज. छोट्या कॉलेजांच्या एनएआयए संघटनेनं तोवर आपली दारं कृष्णवर्णीय कॉलेजांना उघडली होती, आणि ती उघडावीत म्हणून वर्षानुवर्षं पत्रं लिहिणाऱ्यांत मॅक्लेंडन पुढं होते. १९५४ साली कॅन्सस सिटीच्या स्पर्धेचं आमंत्रण आलं तेव्हा त्यांनी एक अट घातली: बाकीचे संघ शहरातल्या ज्या हॉटेलात उतरतील, आमची मुलंही तिथंच उतरतील. नाहीतर येणार नाही. अट मान्य झाली.

मला ती अट त्यांच्या सगळ्या चषकांहून मोठी वाटते. कारण आमंत्रणच इतक्या वर्षांनी आलेलं. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, आता खेळायला मिळतंय ना, राहण्याचं बघू कुठंतरी, ओळखीच्या घरी मुलं झोपतील, आजवर झोपलीच की. त्यांनी मुलांच्या झोपेचाही प्रश्न बास्केटबॉलचाच प्रश्न मानला. जो खेळाडू रात्री मागच्या दारानं कुणाच्या घरात शिरतो, तो सकाळी बरोबरीच्या नात्यानं मैदानात उतरत नाही. पुढं त्याच शहरात, लॉरेन्सपासून तासाभराच्या अंतरावर, त्यांच्या संघानं १९५७, १९५८ आणि १९५९ अशी लागोपाठ तीन राष्ट्रीय अजिंक्यपदं जिंकली. असं करणारे ते कॉलेज बास्केटबॉलमधले पहिले प्रशिक्षक. ज्या भागातल्या विद्यापीठानं त्यांना गणवेश दिला नव्हता, तिथंच. डिक बार्नेट हा डावखुरा, उडी मारून मागं कलत नेम साधणारा त्या संघाचा तारा होता.

नंतरची वर्षं विखुरलेली आहेत, आणि ती मी भराभर सांगतो, कारण त्यांच्यातला माझा आवडता माणूस छोट्या कॉलेजातलाच आहे. क्लीव्हलँडच्या व्यावसायिक संघात गेले, खेळाडूंच्या पगारावरून मालकाशी खटके उडाले, १९६२च्या जानेवारीत पद सोडलं. केंटकी स्टेट. मग १९६६ साली क्लीव्हलँड स्टेट, जिथं ते बहुसंख्य गोऱ्या विद्यार्थ्यांच्या विद्यापीठाचे पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक ठरले. तिथं निकाल यथातथाच राहिले. डेनव्हरचा व्यावसायिक संघ, तोही थोडक्यात आटोपला. पुढची वीसेक वर्षं कॉन्व्हर्स या बूट कंपनीसाठी देशोदेशी फिरून बास्केटबॉल शिकवणं. नॅशव्हिलला लागोपाठ तीनदा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेल्या माणसाला मोठ्या, श्रीमंत विद्यापीठानं ऐन उमेदीत बोलावलं नाही, ही वस्तुस्थिती आहे, आणि तिला कुठलंही सोज्वळ नाव देण्याची माझी तयारी नाही.

बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या सन्मानदालनात, त्यांना १९७९ साली घेतलं, पण 'योगदान देणारे' म्हणून. प्रशिक्षक म्हणून घेतलं ते २०१६ साली. ते वारले १९९९च्या ऑक्टोबरात. म्हणजे जे काम त्यांनी आयुष्यभर केलं, त्या कामाच्या नावानं मान मिळायला मरणानंतर सतरा वर्षं लागली. मॅक्लेंडन यांच्याबद्दल वाचताना त्यांच्या सबुरीचं कौतुक पानोपानी येतं. ते किती शांत होते, किती सभ्य, आवाज कधी चढवत नसत. मला ते सगळं खरंच वाटतं, आणि तरीही त्या कौतुकानं माझा जीव घुसमटतो. सबुरी ज्यानं धरली तिचं कौतुक करणं सोपं जातं, कारण मग जे इतकी वर्षं दार धरून उभे होते त्यांच्याकडे बघावं लागत नाही. आपल्याकडे पुण्यात दलित क्रिकेटपटू पाळवणकर बाळूंना मैदानावर चेंडू हाती द्यायचे आणि चहाच्या वेळी वेगळ्या मातीच्या भांड्यात बाहेर चहा द्यायचे. त्यांच्याही संयमाच्या गोष्टी आपण मोठ्या प्रेमानं सांगतो. माझं म्हणणं एवढंच, की मॅक्लेंडन यांचा संयम सहन करण्याचा नव्हता. तारीख ते निवडायचे, वेळ ते निवडायचे, अट ते घालायचे. मैदानावर चेंडू हातात आल्यावर जी घाई ते शिकवायचे, तिच्यासाठी चेंडू कुठल्या कोपऱ्यात पडेल ते आधी हेरून ठेवावं लागतं, आणि ते हेरण्यात त्यांनी वर्षं घातली.

डिक बार्नेट मोठा व्यावसायिक खेळाडू झाला, न्यूयॉर्कसाठी दोन अजिंक्यपदं जिंकला, पुढं डॉक्टरेट मिळवली. म्हातारपणी त्यानं एकच ध्यास घेतला: टेनेसीच्या त्या तीन वर्षांच्या संघाला हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली पाहिजे. वर्षानुवर्षं नकार पचवत तो लिहीत राहिला, भेटत राहिला. २०१९ साली संघाला मान मिळाला. तोवर त्या संघातले काही सोबती गेलेले होते. बार्नेटला स्वतःला २०२४ साली घेतलं, आणि पुढच्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये तोही गेला. गुरूचं काम शिष्यानं अंगावर घेतलं, आणि तेही गुरूच्याच पद्धतीनं.

मला एका वेगळ्याच गोष्टीची ओढ लागून राहिली आहे. अखेरच्या वर्षांत मॅक्लेंडन क्लीव्हलँड स्टेटला परतले आणि तिथं एक वर्ग घ्यायचे: अमेरिकेतल्या खेळांचा इतिहास आणि त्यात अल्पसंख्याकांचा वाटा. ऐंशीच्या घरातला म्हातारा, पुढं अठरा-वीस वर्षांची पोरं, ज्यांनी नेस्मिथ हे नाव फक्त पुरस्कारावर वाचलेलं. त्यांना समोरचा माणूस त्याच नेस्मिथ यांच्या खोलीत जाऊन उभा राहिला होता हे कसं वाटलं असेल? लॉरेन्सच्या तलावाचं त्यांनी काय सांगितलं? त्या रविवारबद्दल सांगताना ते ८८–४४ वर थांबायचे, की शर्ट काढून पुन्हा खेळायला उतरलेल्या पोरांपर्यंत जायचे? त्या वर्गातल्या कुणी टिपणं काढून ठेवली असतील, तर ती मला वाचायची आहेत.